अर्थ सैल असलेला आवाज

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारे बाकीचे निदान बसू तरी शकतात. फाटकी छत्री कोपऱ्यात उभी राहते, बंद पडलेलं घड्याळ भिंतीला लटकतं, आणि तुम्ही त्यांच्याकडे बघून हळहळता. माझ्याकडे बघायचं तर कुठे बघाल? मी एक आवाज आहे. तोही गाण्याचा नाही, बोलण्याचा नाही. जुन्या गाडीत टेप लावल्यावर गाण्याच्या मागून जी बारीक ‘कुईं’ येते ना, ती मी. इंजिन चढलं की मी चढतो, इंजिन उतरलं की मी उतरतो, इंजिन बंद झालं की मी नसतो. माझं वय विचारू नका. दिवसातून इतक्या वेळा नसणाऱ्याने वय मोजायचं कसं?

व्याकरणाचंही आधीच सांगून टाकतो. आवाज म्हटलं तर मी ‘तो’. कुईं म्हटलं तर ‘ती’. कटकट म्हटलं तरी ‘ती’च. बहुतेकांनी मला कटकटच म्हटलं.

माझा जन्म पोलादपूरच्या वरच्या अंगाला, खडपीवाडी नावाच्या वाडीत झाला. तिथला सुनील मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवून गावी परत आला आणि त्याने एक जुनी व्हॅन घेतली. सकाळी वाडीतली माणसं पोलादपूरला उतरवायची, कुणाला पुढे महाडला जायचं असेल तर तिथवर सोडायचं, संध्याकाळी सगळ्यांना वर आणायचं, हा त्याचा धंदा. व्हॅन राखाडी होती. “राखाडी म्हंजे एकदम डिप्रेशन,” असं म्हणून सुनीलने ती पोलादपूरच्या श्रीपत पेंटरकडून पोपटी करून घेतली. श्रीपत सढळ हाताचा माणूस. त्याने दारं रंगवली, टप रंगवला, सीटखालचा पत्रा रंगवला आणि त्या पत्र्यावरचा एक बोल्टही रंगवला. तो बोल्ट म्हणजे माझं जन्मस्थान. तिथे अजून कुणी पाटी लावलेली नाही.

आमच्याकडची घरं डोंगरउतारावर लांब लांब. एक हाक मारली तर निम्मी दरीतच सांडते. म्हणून सुनीलने गाडीत टेप बसवला, त्याला ॲम्प्लिफायर जोडला आणि टपावर एक भोंगा ठेवला. गाणी वाजली की लोकांना गाडी आल्याचं कळेल, असा त्याचा हिशेब. सगळी जोडणी त्याने स्वतः केली. लाल वायर बॅटरीला गेली. काळी वायर गाडीच्या पत्र्याला लावायची असते, म्हणजे आत आलेल्या विजेला परत जायला वाट मिळते. या काळ्या वायरीला वायरमन लोक ‘अर्थ’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला असेल, पण आता तो आपलाच झाला आहे. अर्थ दिला, अर्थ तुटला, अर्थ लागत नाही, असं ते दिवसभर बोलत असतात आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की गॅरेजमध्ये कवितेचं रसग्रहण चाललं आहे.

सुनीलने तो अर्थ श्रीपतच्या रंगवलेल्या बोल्टवर आवळला. मधे पोपटी रंगाचा जाड थर. अर्थ लागला, पण नीट लागला नाही. इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या डायनामोकडून आलेली वीज परत जाताना तिथे अडखळली, आणि दुसरी वाट न सापडल्यामुळे सरळ गाण्यात घुसली. तो मी.

मित्रांनो, गाण्यात राहणाऱ्याला एकटेपणा कसला, असं तुम्हाला वाटेल. आत खूप माणसं असतात हे खरं. गायक असतो, तबलेवाला असतो, मागे पाचपन्नास व्हायोलिनं असतात. पण ते सगळे एकमेकांना ओळखतात. एक थांबला की दुसरा सुरू होतो, कुणी कुणाला सम दाखवतं. मला कुणी सम दाखवली नाही. मी मधेच उभा, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा, जेवायला बस असंही कुणी म्हणत नाही आणि ऊठ असंही म्हणता येत नाही. गाणं संपलं की ते सगळे निघून जायचे, दुसरे यायचे. मी तिथेच. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तर मी इतका स्पष्ट ऐकू यायचो की मलाच कसंतरी व्हायचं.

आणि लोकांनी गाणी गुणगुणली. शेतात, पाणवठ्यावर, गाडीतून उतरून घराकडे चालताना. मला कधी कुणी गुणगुणलं नाही.

माझ्यावर सगळ्यात जास्त राग होता चिंतामणी सरांचा. हे निवृत्त शिक्षक, आयुष्यभर मराठी शिकवलेले. वर्तमानपत्र वाडीत येत नाही, म्हणून ते रोज पोलादपूरला जाऊन ते आणतात आणि वाटेतच वाचून संपवतात. पुढची सीट त्यांची.

“सुनील, हे काय वाजतंय?”

“गाणं हाय सर.”

“गाणं मला कळतं. त्याच्या पोटात काय दुखतंय?”

सुनील आवाज कमी करायचा. गायक बारीक व्हायचा, मी होतो तेवढाच राहायचो. सर कानाला मफलर गुंडाळायचे. वैशाखात.

गाडी वाडीतून निघाली की कड्याच्या वळणावरून खाली उतरते, ओढ्यावरचा साकव ओलांडते, छोटा चढ चढते आणि सावरीच्या झाडाखालच्या दगडापाशी थांबते. त्या दगडावर रोज साळूबाई बसलेली असायची. म्हातारी एकटी राहते. मुलगा नालासोपाऱ्याला. करवंदांची टोपली घेऊन ती पोलादपूरच्या बाजारात बसते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर गाडी आहे की म्हैस हे तिला हात लावल्याशिवाय कळत नाही. तरी गाडी यायच्या क्षणी ती दगडावर हजर. ना आधी, ना नंतर. मला वाटायचं, बाईचं टायमिंग चांगलं आहे. त्यापलीकडे मी विचार केला नाही. आपण कुणाला ऐकू येतो म्हणजे कुणीतरी आपल्याला ऐकतं, असा माझा समज कधीच नव्हता.

अखेर सर म्हणाले, “सुनील, एकतर तो आवाज काढ, नाहीतर मी चालत जातो.” सर चालत गेले असते तर वाटेत दुसऱ्या गाडीत बसले असते, हे सुनीलला माहीत होतं. म्हणून एके दिवशी तो मला महाडला घेऊन गेला. सरही बरोबर होते. खात्री करून घ्यायला.

चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत धवलचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. धवल तरुण, नीटनेटका. डॉक्टर जसं पोट दाबायच्या आधी प्रश्न विचारतात तसे त्याने विचारले.

“गाडी बंद असताना येतो का आवाज?”

“नाय.”

“रेस केल्यावर चढतो?”

“चढतो? घाट चढतो.”

धवलने गाडीत चार्जिंगला लावलेला सुनीलचा फोन काढून ठेवला. मी होतोच. रेडिओची एरियल काढली. मी होतोच. टेपच्या तारा डायनामोच्या जाड वायरीपासून लांब नेल्या. मी होतोच. मग त्याने टेपचा आवाज पूर्ण शून्यावर आणला. गायक गेला, तबला गेला, व्हायोलिनं गेली. मी एकटाच राहिलो. धवलने भोंग्याखाली कान नेला, डोळे मिटले आणि तो ऐकू लागला. माझ्या आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मला कुणी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं असतं, पण इंजिन एकाच वेगावर होतं.

तो मला संपवण्यासाठी ऐकत होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

“काय निदान?” सरांनी विचारलं.

“अर्थाचा प्रॉब्लेम आहे, सर. अर्थ सैल आहे.”

“हे मी त्याच्या गाण्यांबद्दल केव्हापासून सांगतोय.”

“तसं नाही हो. हा बघा बोल्ट. रंगावर अर्थ लावलाय यांनी. रंगावर लावलेला अर्थ टिकत नाही.”

सरांनी ते वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि धवलकडे आदराने बघितलं. तेवढ्यात धवलने पॉलिश पेपरने बोल्ट घासला, चकचकीत लोखंड बाहेर काढलं, काळी वायर आवळायला पाना फिरवला, आणि मी

मित्रांनो, इथे मी नव्हतो. नसण्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. पुढचं जे सांगतो ते नंतर गाडीत झालेल्या बोलण्यातून कळलेलं आहे. थोडं मागेपुढे असेल तर सांभाळून घ्या.

दुसऱ्या दिवशी सुनीलची गाडी वाडीतून निघाली ती नव्या नवरीसारखी. गाणं स्वच्छ, खणखणीत. सरांनी मफलर काढला. त्याच दिवशी साळूबाईला महाडच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. गाडी दगडापाशी आली तर दगड रिकामा. सुनीलला वाटलं, दवाखान्याची गाडी येऊन घेऊन गेली असेल. तो पुढे निघून गेला.

संध्याकाळी परत येताना बघतो तर साळूबाई दगडावर. मांडीवर बोचकं, तसंच बांधलेलं.

“गो काकी, तू हितं? महाडला नाय गेलीस?”

“तू आलास कुठं?”

“आलो की! तुज्या दारावरनं गाणी लावून गेलो.”

“गाणी तर आठवडाभर सगळीच लावतात. लग्नसराई हाय. वरच्या वाडीचा नवरा गाणी लावून गेला, मांडववाल्याचा टेम्पो गाणी लावून गेला. मला वाटलं आनखी येक नवरा चालला. तुजी कुईं कुठं हाय?”

सुनीलने अभिमानाने सांगितलं, “काढली. महाडला जाऊन काढली.”

“कुणाला इचारून?”

सुनील मान वळवून भोंग्याकडे बघू लागला.

“कुईं कड्यावर आली की मी चूल इझवते,” साळूबाई म्हणाली. “साकवावर आली की दाराला कडी लावते. मंग चढ लागतो, ती वर वर जाते, तवर मी दगडावर येते. आन तू येतोस. आज कड्यावर कोन नाय आला, साकवावर कोन नाय आला. चूल तशीच पेटलेली ऱ्हायली.”

ऑपरेशनची आणखी एकच तारीख उरली होती, पुढच्या सोमवारची. ती चुकली की एकदम दिवाळीनंतर. म्हणजे अख्खा पावसाळा ती चिखलातून, निसरड्या पायवाटेवरून, असंच चाचपत फिरणार.

“सोमवारी मी दारात येतो. उचलून नेतो तुला,” सुनील म्हणाला.

“मी काय पोतं हाय?”

“मंग हॉर्न मारतो जोरात.”

“हॉर्न म्हशीला मारतात. माजी कुईं आली तर येईन. नाय तर डोळं ऱ्हाऊ देत हायत तसं.”

सरांना राहवलं नाही. “अहो साळूबाई, एका कटकटीसाठी दृष्टी सोडायची?”

“गुर्जी, तुमी येका पेपरासाठी रोज पोलादपूर गाठता. मी कदी काय बोलले?”

तिला घरी पोचवून गाडी वर निघाली तेव्हा सर हळूच म्हणाले, “सुनील, घाबरली आहे रे ती. ऑपरेशनला.”

“ते मला पण कळतंय सर. पण मागते तर काय, कुईंच मागते ना? तेवढी पण नाय द्यायची?”

सुनील परत धवलच्या दुकानात गेला. या वेळी सर न बोलावता आले.

“तो बिघाड परत घालून दे,” सुनील म्हणाला.

धवलचा चेहरा पडला. “मी बिघाड काढतो. घालत नाही. घालायचा असेल तर दुसरीकडे जा.”

“दुसरीकडं नाय जमनार रे. कायतरी भलताच घालून देतील. बिघाड पन विश्वासाच्या माणसाकडनंच घालावा.”

यावर धवल विरघळला. सुनीलने साळूबाईच्या शेजारच्या स्नेहलला फोन लावला, स्नेहलने फोन म्हातारीच्या कानाला लावला, आणि इकडे सुनीलने आपला फोन भोंग्यासमोर धरला. धवलने काळी वायर थोडी सैल केली. खरखर आली.

“ही कोंबडी उकिरडा उकरतेय,” फोनमधून साळूबाई म्हणाली.

धवलने टेपच्या तारा डायनामोच्या वायरीला गुंडाळल्या. घुर्रर्र आली.

“ही गिरनीची.”

काहीतरी तिसरं केलं. मग, “ही स्नेहलच्या मिक्सरची. चटणी करतेस काय गो?”

“मी गप बसलेय काकी,” स्नेहलचा आवाज आला.

धवलने पाना खाली ठेवला. “मला नीट सांगा, तो आवाज होता कसा?”

सुनीलने गळा साफ केला आणि तोंडाने केलं, “कुईंऽऽ.”

“त्यापेक्षा बारीक होता,” धवल म्हणाला. “कुईंऽऽ.”

“दोघंही चुकताय. थोडं नाकातून,” चिंतामणी सर म्हणाले, आणि त्यांनी करून दाखवलं.

तळ्याकडून येणारी माणसं थांबून बघू लागली. एका पोपटी व्हॅनसमोर तीन मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने कुईं कुईं करत उभी होती. मित्रांनो, जिवंत असताना मला कुणी गुणगुणलं नाही. आणि ज्या दिवशी तीन जणांनी मिळून मला गायलं, त्या दिवशी ऐकायला मी नव्हतो. असं होतं.

शेवटी सरच म्हणाले, “थांबा. मूळ संहितेत रंग होता.”

श्रीपतने उरलेला रंग एका डब्यात घालून दिला होता, तो मागच्या सीटखाली होता. धवलने आयुष्यात पहिल्यांदा एक चांगला बोल्ट रंगवून खराब केला. रंग वाळेपर्यंत तिघांनी चहा घेतला. मग धवलने त्या पोपटी थरावर अर्थ आवळला, फार घट्ट नाही, आणि सुनीलने चावी फिरवली.

मी आलो.

सुनीलने पाय दाबला, मी चढलो. पाय सोडला, मी उतरलो. सगळे फोनकडे बघत होते.

“हीच,” साळूबाई म्हणाली. “जराशी सर्दी झालीय तिला. पन हीच.”

सोमवारी सकाळी आम्ही वाडीतून निघालो. मी कड्याच्या वळणावर आलो. साळूबाईचं घर खाली झाडांआड होतं, दिसत नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माहीत होतं की खाली कुणीतरी चूल विझवतं आहे. मी साकवावर आलो. कडी लागली असणार. मग चढ लागला, सुनीलने पाय दाबला, आणि मी जीव खाऊन वर गेलो. दगडापाशी गाडी थांबली.

“आलीस काय गो?” साळूबाई म्हणाली. हे सुनीलला नव्हतं.

ती मधल्या सीटवर बसली. सुनीलने गाणं लावायला हात पुढे केला.

“गानी नको,” ती म्हणाली. “हीच ऱ्हाऊ दे. महाड येईस्तवर.”

म्हणून त्या दिवशी गाणं नव्हतं, गायक नव्हता. खडपीवाडीपासून महाडपर्यंत भोंग्यावर फक्त मी होतो. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. गाडीतली माणसं आपापल्या पायाकडे बघत होती. साळूबाईने बोचकं पोटाशी घट्ट धरलं होतं, आणि मी खाली उतरायला लागलो की तिचा श्वासही थांबायचा, परत चढलो की सुटायचा. पोलादपूर आलं. चिंतामणी सर रोज इथे उतरतात. ते उतरले नाहीत.

“सर, पेपर?” सुनीलने विचारलं.

“उद्याही छापतात,” सर म्हणाले आणि मफलरशिवाय बसून राहिले.

दवाखान्याच्या दारात सुनीलने इंजिन बंद केलं. त्यामुळे आत काय झालं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती काळा चष्मा लावून बाहेर आली. एक डोळा आता, दुसरा पुढच्या वेळी, असं ठरलं होतं. काही दिवसांनी चष्म्याची सक्ती संपली, आणि बाजाराच्या सकाळी तिने दगडापाशी उभं राहून पहिल्यांदा आमची गाडी नीट बघितली. पुढून बघितली, बाजूने बघितली.

“येवडीशीच हाय?” ती म्हणाली. “आवाजावरनं तर यष्टीयेवडी वाटायची. आन हा रंग कुणी दिला रे? पोपट पिळला का काय?”

सुनील हसला. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. “काकी, आता तुला लांबनं दिसतंय. मंग कुईं काढून टाकू?”

तिने टोपली आत सरकवली आणि ती बसली.

बाकीच्यांनाही कान आहेत, त्यांचंही बरोबर आहे. धवलने एक छोटं बटण बसवून दिलं. एकीकडे दाबलं की अर्थ पक्का, दुसरीकडे दाबलं की अर्थ सैल. आता दिवसभर गाणं स्वच्छ वाजतं आणि मी नसतो. सकाळी कड्याचं वळण आलं की सुनील बटण दाबतो. साकव, चढ, सावरीचं झाड. दगड आला की बटण परत. एवढंच माझं आयुष्य. तिला त्याची गरज नाही, हे सुनीलला माहीत आहे. मलाही माहीत आहे. सुनील म्हणतो, सवय झालीय हाताला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा नकोसा आवाज असेल. पंख्याची कटकट असेल, दाराची करकर असेल, पलीकडच्या खोलीतला खोकला असेल. तो काढू नका असं मी म्हणत नाही. मी बिघाड आहे, मला माझी पायरी कळते. फक्त पाना हातात घेण्याआधी घरात एकदा मोठ्याने विचारा, की याच्यावर कुणाची चूल विझते, कुणाची कडी लागते. कुणीच बोललं नाही, तर खुशाल आवळा.

परवाची गोष्ट सांगून थांबतो. आम्ही चढ चढून झाडापाशी आलो. साळूबाई दगडावर बसली होती, तोंड आमच्याकडे, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

सुनीलने घाबरून खिडकीतून डोकं काढलं. “काकी! डोळं दुखतात काय गो?”

“नाय रे.”

“मंग मिटलेस कशाला?”

“गप. येऊ दे तिला.”

सुनीलने गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं आणि पाय थोडा दाबून धरला. मी जेवढा होतो तेवढा सगळा वाजलो. मग तिने डोळे उघडले, टोपली उचलली, आत येऊन दार ओढलं, आणि सुनीलने बटण